निवृत्तीची शिदोरी : किती आणि कोणासाठी?



व्यापारी दिवाळीला वहीपूजन करतो, वर्षाचा नफा-तोटा पाहतो. परंतु दुकानाची किल्ली मुलाच्या हाती दिल्यानंतरच्या वर्षांचा हिशेब त्याच्या वहीत क्वचितच आढळतो. नोकरदाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी आपोआप कापला जातो. व्यापाऱ्याला आपली शिदोरी स्वतःच बांधावी लागते. ती किती असावी?

समजा, एका दुकानदाराचे वय ४८ आणि पत्नीचे ४४ आहे. घरखर्च दरमहा ३०,००० रुपये. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ७२ ला ६ ने भागून येणाऱ्या १२ वर्षांत खर्च साधारण दुप्पट होतो. म्हणजे साठाव्या वर्षी तोच संसार चालविण्यास दरमहा ६०,००० आणि वर्षाला ७,२०,००० रुपये लागतील. गुंतवणुकीवर कर वजा जाता महागाईइतकेच उत्पन्न मिळेल असे गृहीत धरल्यास, या रकमेला पुढील आयुष्याच्या वर्षांनी गुणावे.

येथेच हिशेब चुकतो. गृहस्थ स्वतःच्या पंच्याऐंशीपर्यंतच मोजतो : २५ वर्षे, १ कोटी ८० लाख. परंतु तो साठीला पोहोचेल तेव्हा पत्नी ५६ वर्षांची असेल. तिच्या पंच्याऐंशीपर्यंत २९ वर्षे होतात आणि रक्कम २ कोटी ८ लाख ८० हजारांवर जाते. अखेरची ही चार वर्षे कदाचित तिला एकटीलाच काढावी लागतील. एकटीचा किराणा घटेल, पण औषधपाणी वाढेल.

आकडा ऐकून धीर सोडू नये. राहते घर उत्पन्न देत नाही, म्हणून ते हिशेबात धरू नये. मात्र एखाद्या गाळ्याचे त्या वेळी दरमहा २०,००० भाडे येणार असेल आणि ते महागाईबरोबर वाढणार असेल, तर तूट ४०,००० ची उरते. १ कोटी ३९ लाख २० हजार पुरतात. मोठ्या आजारासाठी आरोग्य विमा वेगळा हवा.

पुंजी एके ठिकाणी ठेवू नये. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना २००९ पासून सर्व नागरिकांस खुली आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख झाली. बँकठेवींना २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही.

ठेवी दोघांच्या नावे असाव्यात, वारसनोंद पूर्ण असावी आणि कोणती पावती कोठे आहे हे गृहिणीला ठाऊक असावे. हयातीतच सर्व काही मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. २००७ च्या कायद्यान्वये वृद्ध आई-वडिलांना मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो. परंतु आईला स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज लिहावा लागू नये, यासाठीच हा हिशेब वेळेवर मांडावयाचा.