‘फॉरमॅट करायचे का?’ – आणि मी ‘हो’ म्हणालो

(रौप्यमहोत्सवी छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या वेळी सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि खाली बटाटेवडे गरम आहेत, हे मला माहीत आहे. तरी थोडं ऐकून घ्या. कारण या प्रदर्शनातले चौथ्या बोर्डावरचे फोटो माझ्या मूर्खपणामुळे कायमचे जायचे होते.

चार महिन्यांपूर्वी कमिटीने जुने फोटो मागवले. माझ्याकडे २००९ सालच्या मंगळागौरीचे होते. याच हॉलमध्ये जागवली होती. झिम्मा, पिंगा, पहाटे तीनपर्यंत फुगड्या. आणि सगळ्यांना दमवणारी, बी विंगची काकू, म्हणजे आमची ही. जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढच्या श्रावणात ती अंथरुणावर होती आणि त्याच्या पुढच्या श्रावणात नव्हती. म्हणून ते फोटो माझ्या दृष्टीने नुसते सोसायटीचे नव्हते.

फोटो कॉम्प्युटरवर उतरवले होते, पण २०१३ साली त्याची हार्ड डिस्क गेली. मी निर्धास्त होतो, कारण मूळ दोन जीबीचं कार्ड कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीत होतं. आम्हा बँकवाल्यांना वाटतं, लॉकरमध्ये ठेवलं की सुरक्षित. पण कार्डाच्या आत फोटो म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत साठवलेला विद्युतभार असतो. वर्षानुवर्षं कार्ड नुसतं पडून राहिलं की तो हळूहळू झिरपून जाऊ शकतो. दागिने जसेच्या तसे राहतात, फोटोंचं तसं नाही.

कार्ड लावलं. पडद्यावर पाटी आली: डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करायचे का? छत्तीस वर्षं बँकेत न वाचता एका व्हाउचरवर सही केली नाही मी. आणि इथे मी ‘हो’ दाबलं! क्षणभरात कार्ड कोरं. सूनबाई म्हणाली, “बाबा, काय केलंत?” त्या रात्री मी जेवलो नाही.

नाशिकच्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, कार्ड काढा, पाकिटात घाला आणि त्याला हात लावू नका. एकही नवीन फोटो काढू नका त्यावर.” शनिवारी तो आला आणि त्याने जे समजावलं, ते मला बँकेच्या भाषेत लगेच कळलं. तुम्हालाही तसंच सांगतो.

कार्ड म्हणजे एक मोठं लेजर समजा. पुढे अनुक्रमणिका, मागे हजारो पानं. कुठला फोटो कुठल्या पानांवर आहे, ते अनुक्रमणिकेत. फोटो डिलीट केला की फक्त अनुक्रमणिकेतली नोंद खोडली जाते आणि ती पानं ‘मोकळी’ म्हणून दाखवली जातात. झटपट फॉरमॅट, म्हणजे क्विक फॉरमॅट केलं तर अख्खी अनुक्रमणिका नवी कोरी. पण पानांवरची शाई तशीच असते! नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून ‘हात लावू नका’. आता, विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं, तर ते सगळ्या पानांवर शून्यं लिहीत जातं. मग कुणीही काही करू शकत नाही. माझं नशीब, ती खूण होती.

पुतण्याने आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल कॉम्प्युटरवर घेतली. काय करायचं ते नकलेवर, मूळ कागद बाजूला. शाब्बास म्हटलं, ऑडिटर शोभतोस. मग ‘फोटोरेक’ नावाचा प्रोग्राम चालवला. तो फुकट आहे, ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला. हा प्रोग्राम अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. एकेक पान उलटत जातो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते, जसं आपल्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ‘श्री’. ती खूण दिसली की इथून फोटो सुरू, असं धरून तो पुढची पानं गोळा करतो. सापडलेलं कधीही त्याच कार्डावर साठवायचं नाही, दुसऱ्या डिस्कवर साठवायचं. नाहीतर आपणच आपल्या शाईवर शाई ओतायची.

एकशे सत्त्याऐंशी फोटो मिळाले. नावं गेलेली, नुसते आकडे. पण एकशे बावन्न अगदी स्वच्छ. आणि बाकीचे पस्तीस? वरचा भाग ठीक, खाली राखाडी पट्टा किंवा भलतेच रंग.

याचंही कारण मीच. फोटो काढताना मधेमधे, हा हलला, तो अंधारला, असं करत मी कॅमेऱ्यातच पुसत होतो. त्यामुळे मोकळी झालेली पानं इथे दोन, तिथे पाच, आणि पुढचा फोटो तुकड्यातुकड्यांनी लिहिला गेला. अनुक्रमणिका होती तोवर तुकडे जुळत होते. ती गेल्यावर अर्ध्या फोटोचा उरलेला भाग कुठे, कोण सांगणार? तेव्हापासून मी कॅमेऱ्यात एकही फोटो पुसत नाही. घरी आणून, दोन ठिकाणी उतरवून, मग कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करतो.

त्या पस्तिसांत हिचा फुगडीचा फोटो होता. चेहरा आहे, हसणं आहे, खांद्याखाली राखाडी. पुतण्या म्हणाला, थांबा. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच त्या फोटोची एक चिमुकली प्रत ठेवतो. यादीत पटकन दाखवायला म्हणून. (यादीत फोटो छान दिसतो आणि उघडल्यावर अर्धा निघतो, तो यामुळेच.) ती प्रत शाबूत होती. १६० बाय १२० ठिपके, बस्स. पण पूर्ण. हात ताणलेले, पदर खोचलेला, समोर डी विंगच्या आजी. चौथ्या बोर्डावर मोठ्या फोटोशेजारी पोस्टाच्या तिकिटाएवढा जो लावलाय, तो हा. कुणीतरी विचारलं, एवढा लहान का? म्हणून हे सगळं सांगितलं.

आणखी एक. यात्रेला गेलो असताना बाजारातून मी चौसष्ट जीबीचं कार्ड स्वस्तात घेतलं होतं. आत माल आठ जीबीचा, पण कार्ड कॅमेऱ्याला सांगतं चौसष्ट. पहिले आठ भरले की पुढचे फोटो जुन्यांवर चढतात किंवा कुठेच जात नाहीत, आणि यादीत मात्र नावं दिसत राहतात. खोटी ठेव पावती! नवीन कार्ड घेतलं की एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून टॅली करतो. रिकाम्या कार्डावरच चालवायचा, हे वेगळं सांगायला नको. आणि कार्ड वाचलं जात नाही म्हणून लगेच घाबरू नका. आधी रीडर बदलून बघा. कितीदा तरी दोष रीडरचा किंवा केबलचा असतो.

स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या आम्ही कधी एका माणसाकडे ठेवल्या नाहीत. आता मंगळागौरीचे फोटो माझ्याकडे एका डिस्कवर आहेत, दुसरी डिस्क पुतण्याकडे नाशिकला, आणि एक संच सेक्रेटरींकडे सोसायटीच्या दप्तरात दिला आहे. व्हॉट्सअॅपवर आहेत ना, म्हणू नका. तिथे साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो.

ज्यांच्याकडे असं रुसलेलं कार्ड असेल, त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्याकडे यावं. पुतण्याने शिकवलंय तेवढं मी करून बघेन. येताना कार्डाच्या बाजूची ती छोटी खिटी ‘लॉक’कडे सरकवून आणा, आणि निघण्यापूर्वी ‘एकदा बघू तरी’ म्हणून पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका. चहा मी करतो. साखर आपापली आणा, डॉक्टरांनी माझ्या घरातून बंद केली आहे.