मोजा हात वाचवतो, घर नव्हे



शिरूरला घोड नदीच्या काठी किंवा दौंडजवळ भीमेच्या पात्रात फेकजाळे टाकणारा माणूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जाळे हवेत गोल उघडते, पाण्यावर पडते आणि बघता बघता तळाला जाते. ते तळाला जाते त्याच्या काठाला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांमुळे. गळ टाकणाऱ्यालाही दोरीला वजन लागतेच. त्यात अलीकडे हौसेने मासे धरणाऱ्या मंडळींची भर पडली आहे. मरळीसारखा शिकारी मासा हलत्या भक्ष्यावर झडप घालतो, म्हणून ही मंडळी बेडकाच्या किंवा छोट्या माशाच्या आकाराचे नकली आमिष वापरतात. त्याला ते ल्युअर म्हणतात. काही जण हे ल्युअर घरीच करतात. गळाच्या मानेवर शिशाचे डोके ओतायचे आणि त्यामागे मऊ प्लॅस्टिकची शेपटी लावायची, असे ते काम.

जाळ्याची गोळी असो की ल्युअरचे डोके, ओतकाम बहुधा अंगणात, गच्चीवर, कधी कधी तर स्वयंपाकघरातच चालते. शिसे चुलीवर सहज वितळते, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. हे काम करताना हातात कोणते मोजे घालावेत, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे. पण त्याचे उत्तर मोज्यापाशी संपत नाही, ते घरातल्या लहान मुलांपर्यंत जाते.

आधी आपला हात कशाच्या जवळ जाणार आहे ते पाहू. मेण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. पाणी १०० अंशांना उकळते. ल्युअरचे मऊ प्लॅस्टिक १७० ते १८० अंशांपर्यंत तापवावे लागते, म्हणजे जवळजवळ भजी तळायच्या तेलाइतके. शिसे वितळते ३२७ अंशांना, आणि साच्यात नीट उतरावे म्हणून ते त्याहून बरेच जास्त तापवलेले असते. तेलाचा थेंब अंगावरून ओघळून तरी जातो. प्लॅस्टिकचा थेंब कातडीला चिकटून बसतो आणि तिथेच भाजत राहतो.

आता मोज्याविषयी एक मूलभूत गोष्ट. कोणताही मोजा उष्णता कायमची अडवत नाही. तो आपल्याला फक्त वेळ मिळवून देतो. युरोपात उष्णतेच्या मोज्यांसाठी ईएन ४०७ नावाचे मानक आहे आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक मोज्यांवरही ते छापलेले दिसते. ज्वाळेच्या चित्राखाली सहा आकडे असतात. दुसरा आकडा तापलेल्या वस्तूला हात लावण्याविषयीचा. तिथे १ असेल तर १०० अंश, २ असेल तर २५०, ३ असेल तर ३५० आणि ४ असेल तर ५०० अंश. या तापमानाच्या वस्तूला धरले असता किमान पंधरा सेकंद मोज्याच्या आतली उष्णता दहा अंशांहून जास्त वाढत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाचवा आकडा वितळलेल्या धातूच्या बारीक शिंतोड्यांविषयी आणि सहावा धातू मोठ्या प्रमाणात अंगावर पडण्याविषयी असतो. आकड्याच्या जागी एक्स हे अक्षर असेल तर ती चाचणीच झालेली नाही. आपल्या कामासाठी दुसरा आणि पाचवा आकडा आवर्जून पाहावा. हातोडीचे चित्र आणि त्याखाली आकडे असतील तर ते घासणे, कापणे, फाटणे यांविषयीचे असतात. ते बघून उष्णतेसाठी मोजा घेऊ नये.

पंधरा सेकंद म्हणजे तापलेला साचा खाली ठेवायला पुरेसा वेळ, तो हातात धरून गप्पा मारायला नाही. मोज्याकडून इतकीच अपेक्षा ठेवली तर निवड सोपी होते.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे आणि धातूचे काम मोठे, तर कुरकुंभला रसायनांचे कारखाने अधिक. दोन्हीकडे हातमोजे लागतात, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रसायनासाठी असलेला रबरी किंवा पीव्हीसीचा मोजा आम्लापासून हात वाचवतो, मात्र तापलेल्या भांड्याला लागताच मऊ पडतो आणि बोटांना चिकटतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर हे धागे शिसे ज्या तापमानाला वितळते त्याच्या कितीतरी आधीच वितळतात. म्हणजे शिशाचा थेंब अशा मोज्यावर पडला, तर भाजणाऱ्या वस्तू एकाच्या दोन होतात. पांढऱ्या सुती विणीचे, तळव्यावर रबरी ठिपके असलेले मोजे सगळीकडे स्वस्तात मिळतात. सूत वितळत नाही हे खरे, पण विणीच्या भोकांतून धातू आत झिरपतो आणि ठिपके वितळतात. शिवाय अशा विणीत गळाचे टोक अडकते. घाईत हात मागे ओढला की गळ बोटात.

मग घ्यावे काय? वेल्डिंग करणारे कारागीर वापरतात ते जाड चामड्याचे, आतून सुती अस्तर असलेले, लांब मनगटाचे मोजे. हार्डवेअरच्या दुकानात ते काही शे रुपयांत मिळतात. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, लांबी साधारण चौदा इंच असावी, म्हणजे मनगट आणि अर्धा हात झाकला जातो. दोन, शिवण. चामडे चांगले आणि शिवणीचा दोरा नायलॉनचा, असे असेल तर शिवणच आधी उसवते. अस्तर खरोखर सुती आहे ना, हेही विचारून घ्यावे. तीन, मोजा हाताला थोडा सैल असावा. आत काही गेले तर हात झटकताच तो निघून पडला पाहिजे. चार, मोजे दोन्ही हातांना हवेत. पळी उजव्या हातात असते, पण साचा डाव्या हातात असतो आणि बहुतेक वेळा भाजतो तो डावा हात. बाही पूर्ण आणि सुती असावी आणि ती मोज्याच्या वरून ओढून घ्यावी, म्हणजे उडालेला थेंब मोज्याच्या तोंडात न शिरता बाहेरून घसरतो.

जाड मोज्यात बोटांना बारीक वस्तू जाणवत नाहीत, अशी तक्रार होते. ती खरी आहे. त्यावर उपाय मोजा काढणे हा नाही. साचा गार असतानाच गळ त्यात बसवून घ्यावा. तापलेल्या साच्यातून तो काढायचा असेल तर पकडीने काढावा. पहिल्यांदा शिसे न तापवता, कोरड्या पळीने सगळ्या हालचाली करून पाहाव्यात. पळी कुठून उचलणार, साचा कुठे ठेवणार, पाय कुठे असणार, हे आधी ठरलेले असले की हात गोंधळत नाही.

आणि आता आपल्या घरोघरची सवय, ओले फडके. गरम पातेले उतरवताना आपण फडके पाण्यात बुडवून पिळतो. ही सवय इथे उलटते. कोरड्या कापडात हवा असते, तीच उष्णता रोखते. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता पोहोचवते. ओले फडके क्षणभर थंड वाटते, मग त्याच पाण्याची वाफ होते आणि ती हातालाच पोळते. मोजा घामाने किंवा पावसाने भिजला असेल तरी तेच होते. म्हणून मोजे उन्हात पूर्ण वाळवून वापरावेत. चामडे कडक झाले, आक्रसले किंवा भोक पडले की तो मोजा टाकून द्यावा.

पाण्याचा याहून मोठा धोका साच्यात असतो. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. साच्यात राहिलेला ओलावा किंवा ओला शिशाचा तुकडा तापलेल्या शिशात गेला, तर वाफ स्फोटासारखी बाहेर पडते आणि धातू थेट तोंडावर उडवते. तिथे मोजा काय करणार? त्यासाठी डोळ्यांवर बाजूनेही बंद असा चष्मा, पायात बंद बूट आणि कोरडा, आधी थोडा गरम केलेला साचा हवा. पावसाळी, दमट हवेत हे काम टाळलेलेच बरे.

याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. तिथे धातू वितळवण्याच्या मुशी सापडल्या आणि तांब्याचा चिमटाही सापडला. आगीपासून हात दूर ठेवायचा, ही अक्कल आपल्या या नदीकाठी इतकी जुनी आहे. लांब दांड्याची पळी, साच्याला लाकडी मुठी, मजबूत पकड ही पहिली संरक्षणे. ती चुकली तर मोजा.

इथपर्यंत हाताचे झाले. पण शिशाचा खरा घात भाजण्यात नाही.

वितळलेल्या शिशावर राखाडी साय धरते. ती पळीने बाजूला काढतात. तिचीच बारीक पूड होते आणि मोज्यावर, बाहीवर, जमिनीवर बसते. शिसे फार तापले तर त्याचा धूरही श्वासात जातो. काम संपवून कोणी तेच मोजे ओट्यावर ठेवतो, त्याच कपड्यांत बाळाला उचलून घेतो. भाजलेले लगेच समजते. शिसे मात्र गुपचूप शरीरात साठते. रक्तातली शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट अधिक शोषून घेतात. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. मूल मागे पडते, चिडचिडे होते, आणि कारण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. गरोदर स्त्रीच्या हाडांत पूर्वी साठलेले शिसेही त्या काळात रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. याच कारणांसाठी आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले आणि घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली. रस्त्यावरून आणि भिंतींवरून घालवलेले शिसे आपण पळीने पुन्हा घरात आणू नये.

म्हणून हे काम घरात आणि स्वयंपाकाच्या शेगडीवर नकोच. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, मुले आणि गरोदर बाई जवळ नसताना करावे. त्यासाठीची कढई आणि पळी पुन्हा कधीही अन्नाला लावू नये. मोजे झाकणाच्या डब्यात घराबाहेरच ठेवावेत. काम करताना विडी, तंबाखू, चहा, काही नको. मोजे काढल्यावरही हात-तोंड साबणाने धुवावे, कपडे बदलावेत आणि ते वेगळे धुवावेत. जागा केरसुणीने झाडू नये, पूड उडते. ओल्या फडक्याने पुसावी, ओल्या फडक्याची जागा ती.

जुन्या बॅटरीचे शिसे तर अजिबात वापरू नका. तिच्यात आम्ल असते, शिशाची भुकटी असते, आणि त्यातून होणारा धूर अधिक विषारी असतो. बॅटऱ्यांच्या कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम सांगतात की जुनी बॅटरी नोंदणीकृत व्यवस्थेकडेच परत गेली पाहिजे. दुकानदाराला परत द्या, पैसेही मिळतात.

याहून सोपा मार्गही आहे. पुष्कळ ठिकाणी शिसे लागतच नाही. लोखंड शिशापेक्षा हलके आहे, तेवढ्याच वजनासाठी ते दीडपट जागा घेते. गळाच्या दोरीला एखादा लोखंडी नट बांधला तर काम भागते. लाकूड कोरून केलेल्या ल्युअरला तर आगच नको. इंग्लंडमध्ये गळाची लहान शिशाची वजने १९८७ मध्ये बंद झाली, कारण तळातले खडे समजून हंस ती गिळत आणि विषबाधेने मरत. आपल्याकडे उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्षी चिखल चाळत असतात. तुटलेल्या दोरीबरोबर आपले शिसे त्याच चिखलात राहते.

एवढी काळजी घेऊनही कोणी भाजलेच, तर भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढावे. चिकटलेला धातू किंवा प्लॅस्टिक ओढून काढू नये. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे जावे. गरज वाटल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आणि ज्या घरात वर्षानुवर्षे शिसे ओतले जाते, तिथल्या मुलांच्या रक्तातले शिसे तपासून घेण्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे.

जाळे पाण्यात जाण्यापूर्वी त्याचे वजन कोणीतरी कुठेतरी ओतलेले असते. ते ओतणाऱ्याचा हात शाबूत राहावा म्हणून चामड्याचे कोरडे मोजे घ्या. आणि ते उंबरठ्याच्या बाहेर काढून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)