सैनिकाच्या घरचे कागद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका माजी सैनिक सभासदाने केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांची नोंद आणि वयोवृद्धांचा सत्कार ही आपल्या संमेलनाची जुनी परंपरा आहे. अशा मंगल कार्यक्रमात मला बोलावयास उभे करताना आपल्या चिटणीसांना रणांगणावरील एखादी रोमहर्षक कथा अपेक्षित असावी. त्यांची निराशा करावी लागणार, याचे मला वाईट वाटते. मी अठ्ठावीस वर्षे सैन्यात होतो हे खरे. परंतु कारकून होतो. बंदूक पुसून जागेवर ठेवली आणि लेखणी झिजविली, एवढेच माझ्या सेवेचे वर्णन करता येईल. यास्तव शौर्याच्या कथा ज्यांचा अधिकार आहे त्यांनी सांगाव्यात. मी आज कागदांविषयी बोलणार आहे. आणि सैनिक घरी परतल्यावर, किंवा न परतल्यास, त्याच्या कुटुंबाची काळजी वाहणाऱ्या आपल्या राज्याच्या सैनिक कल्याण विभागाविषयी बोलणार आहे.

महाराष्ट्राची सैनिकी परंपरा मी आपणांस सांगावयास नको. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. लोक आजही त्या गावास ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. परंतु जवानामागे त्याचे घर कसे चालावे, याचे उत्तर स्मारकाच्या शिळेवर सापडत नाही. ते शोधण्यासाठीच १९१९ साली ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. आजचे केंद्रीय सैनिक मंडळ हे त्याचेच पुढील रूप होय. आपल्या राज्यात सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालय पुण्यास असून संचालक त्याचे प्रमुख असतात. जिल्ह्यांच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि कार्यालयाची धुरा बहुधा एखादे निवृत्त सेनाधिकारी वाहतात. त्यांच्या हाताखाली ‘कल्याण संघटक’ या हुद्द्याचा मनुष्य असतो. त्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही. परंतु गावोगावच्या सैनिक कुटुंबांशी प्रत्यक्ष गाठ त्याचीच पडते.

हा विभाग करतो तरी काय, असे आपण विचाराल. ७ डिसेंबर या ध्वजदिनी आपण छातीवर लहानसा ध्वज लावून घेतो आणि डब्यात यथाशक्ति पैसे टाकतो. १९४९ सालापासून हा दिवस पाळला जातो. त्या निधीतून सैनिकांच्या व दिवंगत सैनिकांच्या कुटुंबांना साहाय्य होते. अनेक शहरांत सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत, प्रवासी सैनिकांसाठी विश्रामगृहे आहेत. माजी सैनिकास व सैनिकाच्या विधवेस ओळखपत्र देणे, नोकरीसाठी नाव नोंदविणे, निवृत्तिवेतनाच्या तक्रारी संबंधित कार्यालयाकडे धाडणे, ही नित्याची कामे होत. राज्य शासनाच्या गट ‘क’ व गट ‘ड’ मधील नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. ‘मेस्को’ या नावाने ओळखले जाणारे माजी सैनिकांचे महामंडळ सुरक्षारक्षक म्हणून अनेकांना काम देते. औषधोपचारासाठी २००३ सालापासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. आपल्या खडकीस तर १९७४ सालापासून मणक्याला इजा होऊन पांगळे झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र चालू आहे. पुण्यास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी तेथे नमस्कार करून यावे.

केंद्रीय मंडळाची मदतही जिल्हा कार्यालयामार्फतच मिळते. १५ वर्षांची सेवा पुरी होण्यापूर्वी जो शिपाई घरी परतला, त्यास सामान्यतः निवृत्तिवेतन नसते. १९६५ व १९७१ च्या युद्धांत असलेले असे वृद्ध आजही खेड्यापाड्यांत आहेत. ज्यांचे वय ६५ वर्षांहून अधिक आहे आणि ज्यांना नियमित उत्पन्न नाही, अशा निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकांस व विधवांस दरमहा मिळणारे साहाय्य १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी चार हजारांवरून आठ हजार रुपये करण्यात आले. त्याच वेळी दोन मुलांपर्यंतच्या शिक्षणाचे साहाय्य प्रत्येकी दरमहा एक हजारावरून दोन हजार, आणि दोन मुलींपर्यंतच्या विवाहाचे पन्नास हजारांवरून एक लाख रुपये झाले. विवाहाचे हे साहाय्य विधवेच्या पुनर्विवाहासही मिळते, ही गोष्ट आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी.

इतके सारे असताना मी येथे कशासाठी उभा आहे? मदत आहे, परंतु ती आपण होऊन दारी चालत येत नाही. तिला कागदाची वाट लागते, आणि ती वाट पुष्कळदा आपल्याच घरी अडलेली असते. हे मला माझ्याच घरी शिकावे लागले.

माझे धाकटे चुलते पायदळात नाईक होते. सतरा वर्षे सेवा करून ते निवृत्तिवेतनावर घरी आले. त्यांचे लग्न वीस दिवसांच्या रजेत झाले होते. आपल्या रिवाजाप्रमाणे गृहप्रवेशाच्या दिवशी ताटातील तांदळात अंगठीने चुलतीचे नवे नाव लिहिले गेले, पेढे वाटले गेले, आणि चौथ्या दिवशी चुलते पलटणीत परत गेले. तेथे विवाहाची नोंद करताना त्यांनी पुरावा म्हणून लग्नपत्रिका दिली. पत्रिकेत अर्थातच माहेरचे नाव होते. पुढे शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, आधार यांवर सासरचे नाव चढले. चुलते हयात होते तोवर कोणाचे काही अडले नाही.

ते वारले, आणि कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू होईना. वर्षश्राद्धास मी गावी गेलो, तेव्हा गोठा रिकामा दिसला. म्हशी कोठे आहेत, असे विचारले, तर चुलती काही बोलेना. रात्री तिने देव्हाऱ्यामागून फडक्यात बांधलेली तीन पत्रे काढून माझ्यापुढे ठेवली. एका कार्यालयाची ती पत्रे होती. दोन इंग्रजीत, एक हिंदीत. ‘अर्जदाराचे नाव अभिलेखाशी जुळत नाही, सबब प्रकरण परत’ असा तिन्हींचा मथितार्थ. तिला ती वाचता आली नव्हती, आणि कोणास दाखविली तर ‘ही लग्नाची बायको नव्हेच की काय’ असे लोक म्हणतील, या भयाने तिने ती लपवून ठेवली होती. चौदा महिने ती माउली म्हशी विकून आणि शेजारच्या शेतावर खुरपणीस जाऊन घर चालवीत होती.

सज्जनहो, ती पत्रे वाचताना मला कोणाचा राग आला असता तर बरे झाले असते. परंतु तशीच पत्रे मी स्वतः सेवेत शेकड्याने टंकलिखित केली होती. नियमाप्रमाणे त्यांत काहीच चूक नव्हती. पत्र जेथे जाते तेथे एक देव्हारा असतो, हे मात्र मला कधी सुचले नव्हते. त्याहून मोठी खंत ही, की चुलत्यांनी निवृत्तीच्या वेळी आपले कागद मला एकदा पाहावयास दिले होते. मी ते वरवर चाळले आणि ‘ठीक आहे’ म्हणून परत केले.

दुसऱ्या दिवशी चुलतीस घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तेथील कल्याण संघटकाने तिला आधी पाणी दिले, मग खुर्ची दिली, आणि म्हणाला, “आई, अशा पुष्कळ जणी येतात. यात लाजण्यासारखे काही नाही.” दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहीर सूचना, विवाहाचा पुरावा, हे सारे त्याने मागवून घेतले आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे पाठविले. पाच महिन्यांत दुरुस्त आदेश आला, मागील थकबाकीही मिळाली. चुलतीने त्यातून पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक म्हैस परत घेतली.

आता आपल्या ज्ञातीकडे वळतो. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल चांगली की वाईट, याचा वाद मी येथे उकरून काढीत नाही. परंतु जावई सैन्यात असेल तर तांदळात लिहिलेले नाव त्याच महिन्यात पलटणीच्या दप्तरातही लिहिले गेले पाहिजे. सैन्यात यास ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. मुलांच्या जन्मतारखांचेही तसेच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकावा आणि निम्मे गाव एकाच दिवशी जन्मावे, ही आपल्याकडची जुनी गंमत. परंतु शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि सैन्याच्या नोंदीत दुसरी असली, की मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी असलेल्या पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलींना दरमहा तीन हजार व मुलांना अडीच हजार रुपये मिळतात. एका तारखेपायी त्या का गमवाव्यात?

तरुणांविषयीही दोन शब्द. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यातून भरती झालेल्या जवानाची मुदत चार वर्षांची असून जास्तीत जास्त २५ टक्के जवानांस पुढे नियमित सेवेत घेतले जावयाचे आहे. उरलेल्यांस सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळेल, निवृत्तिवेतन नाही. ऐन पंचविशीच्या आत-बाहेर घरी येणाऱ्या या मुलांस कोठे लावावयाचे, हा प्रश्न केवळ सरकारचा नव्हे. आपल्यापैकी ज्यांचे कारखाने, दुकाने, पतसंस्था आहेत, त्यांनी आतापासूनच त्याचा विचार करावा.

शेवटी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, ज्ञातीतील आजी-माजी सैनिकांची व सैनिकांच्या विधवांची गाववार यादी करावी आणि त्यांची जिल्हा कार्यालयात नोंद झाली आहे की नाही, हे विचारून घ्यावे. दुसरी, वधूवर नोंदणीच्या अर्जात ‘वर सैन्यात असल्यास विवाहाची व नावाची नोंद पलटणीत करून घ्यावी’ अशी एक ओळ छापावी. तिसरी, प्रत्येक तालुक्यात एका शिकल्यासवरल्या स्वयंसेवकाने वर्षातून एकदा अशा घरी जाऊन सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचा आदेश, आधार आणि बँकेचे पुस्तक यांवरील नावे एकमेकांशी ताडून पाहावीत, वृद्धांचा हयातीचा दाखला वेळेवर गेला का ते पाहावे. यास मंडळाचा फारसा पैसा लागत नाही. एक दुपार लागते.

माझ्या तालुक्यापुरते हे काम मी आजपासून अंगावर घेत आहे. एकदा कागद न वाचता ‘ठीक आहे’ म्हटले, त्याची भरपाई म्हणा हवी तर. ज्या भगिनींच्या घरी देव्हाऱ्यामागे असे एखादे पत्र असेल, त्यांनी ते संकोच न करता मला आणून द्यावे. संमेलन संपेपर्यंत मी मंडपाच्या उजव्या बाजूस बसून आहे.