डागल्याने बैल बरा होतो का?



बैलाचा खांदा सुजला, पाय मुरगळला, की काही गावांत अजूनही विळा चुलीत जातो. डाग दिला की दुखणं जळतं म्हणतात. जळतं ते वरचं धडधाकट कातडं.

जनावराच्या अंगाचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास. चव्वेचाळीसला पेशी मरू लागतात. अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या कातडीवर याचं मोजमाप केलं, ते १९४७ साली प्रसिद्ध झालं. ४४ अंशांना कातडी भाजायला सहाएक तास लागले. पुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ जवळजवळ निम्मा होत गेला, आणि ६० अंशांना काही सेकंद पुरले. लालबुंद विळा तर सहाशे-सातशे अंशांच्या घरात असतो!

तो टेकताच पेशींमधली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठतात, ती पुन्हा पूर्ववत होत नाहीत. भोवती एक कडं उरतं. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण रक्त नीट पोचत नाही, आणि दोन-तीन दिवसांत त्याही मरू शकतात. म्हणून डाग पात्याहून रुंद होत जातो. खांद्याची सूज आत होती तिथेच.

मग डागलेले बैल बरे होतात ते कसे? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांचे पाय असेच डागत. ब्रिस्टल विद्यापीठात १९८०च्या दशकात हे तपासलं, तेव्हा डागल्याने दुखावलेली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, अधिक चांगली भरून येते असं काही दिसलं नाही. डागलेलं जनावर कुणी लगेच जुंपत नाही, बांधून ठेवतात. माझ्या मते बैलाला गुण येतो तो त्या विश्रांतीचा.

शेकाला माझी ना नाही. ताज्या सुजेवर आधी दोन दिवस गार पाण्याची धार धरा, मग आपल्या हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्याने शेका. त्याने रक्त खेळतं. खांद्यावर जू ठेवू नका. गाठ धरली किंवा पू झाला, तर पशुवैद्यकांना दाखवा.

आणि डाग आधीच दिला असेल, तर त्यावर राख किंवा गाडीचं वंगण फासू नका. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा.