दोन सायकली, एक प्रश्न

(युवा शिबिरातल्या भाषणाचा संपादित भाग)



मी राजकारणाचा अभ्यासक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो: नेहमीची यंत्रणा बंद पडली, तर चालू काय राहील? गाझात ऑक्टोबर २०२३ मध्ये इंधन अडवलं गेलं. गाड्या थांबल्या, रस्त्यांवर ढिगारे पडले. तेव्हा सायकल चालू राहिली.

अला अल-दाली हा गाझाचा सायकलपटू. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची तयारी करत होता. त्याच वर्षी ३० मार्चला सीमेजवळच्या निदर्शनात तो सायकलिंगच्याच कपड्यांत उभा होता. इस्रायली सैनिकाची गोळी पायाला लागली आणि पाय कापावा लागला. तो एकटा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानुसार त्या वर्षीच्या निदर्शनांत सहा हजारांहून जास्त माणसं बंदुकीच्या गोळ्यांनी जखमी झाली, १२२ जणांचे हात किंवा पाय कापावे लागले.

अला एका पायावर सायकल चालवायला पुन्हा शिकला. एका पायानं पेडल खाली दाबायचं आणि त्याच पायानं वर ओढायचं. तोल सांभाळायचा तो वेगळाच. पुढे २०२० मध्ये ‘गाझा सनबर्ड्स’ हा अपंग सायकलपटूंचा संघ उभा राहिला. सनबर्ड म्हणजे आपला शिंजीर; पॅलेस्टाईनचा राष्ट्रीय पक्षी.

युद्ध सुरू झालं आणि या खेळाडूंनी सराव सोडून अन्न आणि गरजेच्या वस्तू वाटायला सुरुवात केली. गल्ल्या त्यांच्या ओळखीच्या, माणसं ओळखीची. ज्यांना जग ‘मदतीचे लाभार्थी’ म्हणतं, तेच मदत पोचवत होते. २०२४ मध्ये अला बाहेर पडून बेल्जियम आणि इटलीत वर्ल्ड कपमध्ये उतरला. पॅरिस पॅरालिम्पिक मात्र हुकलं. २०२५ मध्ये संघातला अहमद अल-दाली हल्ल्यात मारला गेला.

मी पूर्वी गाझाचे व्हिडिओ फॉरवर्ड करायचो. त्यात फक्त प्रेतं आणि रडणारी मुलं असायची. माझ्या हळहळीत त्या माणसांची हुशारी, जिद्द, हुन्नर कुठेच नव्हतं. दया करणं सोपं असतं, समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानणं अवघड.

आता दुसरी सायकल. अफगाणिस्तानच्या फरयाब प्रांतातल्या यूल्दुझ आणि फरिबा हाशिमी या बहिणी. खोटी नावं लावून, ढगळ कपडे आणि गॉगल घालून, मागून आणलेल्या सायकलींवर त्या एका शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या दोन आल्या. २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आले, मुलींचा खेळ बंद झाला. दोघींना देश सोडून इटलीत जावं लागलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्या अफगाणिस्तानकडून उतरल्या. संघात तीन पुरुष आणि तीन स्त्रिया होत्या, पण तालिबानचा प्रवक्ता म्हणाला, आमचे खेळाडू तीनच.

गाझाच्या सायकलीसाठी आपण मोर्चे काढतो, काढायलाच हवेत. फरयाबच्या सायकलीबद्दल मात्र आपला आवाज बसतो. का? तिथे अडवणारे आपल्यातले आहेत म्हणून?

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. माझ्या बहिणीची सायकल आठवीनंतर बंद झाली. “आता मोठी झाली,” एवढंच घरात बोललं गेलं. ती सायकल मग मी वापरली. ती शाळेला चालत जायची, मी तिच्या शेजारून घंटी वाजवत जायचो. तेव्हा मला त्यात काहीच गैर वाटलं नाही.

जुल्माचा विरोध करायचा, तर जालीम कोण हे पाहून करता येत नाही. गाझासाठी मदत द्याच, पण ती तिथल्याच माणसांच्या हाती पोचते का, हे पाहून द्या. आणि आज घरी गेल्यावर जिन्याखाली बघा: सायकल आहे का, आणि ती घरातलं कोण चालवतं?