एकटीची वाट : एला मायार यांचे आशियांतील प्रवास

यात्रेकरूला कोठें जावयाचें तें ठाऊक असतें आणि व्यापाऱ्याला कशासाठीं जावयाचें तें ठाऊक असतें. हे दोन्ही प्रवासी आपल्या समाजाच्या जुन्या परिचयाचे आहेत. विसाव्या शतकांत त्यांच्या जोडीला एक तिसरा प्रवासी आला. त्याला ना देवदर्शनाची ओढ, ना नफ्याची. पदरचे चार पैसे गांठीं बांधून, मिळेल त्या वाहनानें आणि पटेल त्या सोबतीनें आशिया खंड ओलांडावयाचा, एवढाच त्याचा संकल्प. असा प्रवासी स्वतःला स्वतंत्र म्हणवितो. त्याचें हें स्वातंत्र्य कितपत खरें असतें याचा विचार करावयाचा, तर जिनीव्हाच्या एला मायार यांच्या प्रवासांकडे पाहावें. त्यांनीं ही वाट एकट्यानें तुडविली, आपल्या तोडीच्या सोबत्याबरोबर तुडविली आणि शेवटीं एका आजारी मैत्रिणीला घेऊनहि तुडविली.

मायारबाईंचा जन्म २० फेब्रुवारी १९०३ रोजीं झाला. वडिलांचा फरच्या कातड्यांचा व्यापार होता, आई डेन्मार्कची. सरोवराच्या कांठीं वाढलेल्या या मुलीला शिडाच्या होड्यांचें वेड लागलें, तें इतकें कीं १९२४ सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत त्या एकट्यानें होडी हांकण्याच्या शर्यतींत स्वित्झर्लंडतर्फे उतरल्या. पुढें बर्फावर घसरण्याच्या जागतिक शर्यतींतहि त्यांनीं भाग घेतला. पण खेळानें पोट भरत नाहीं. शिकवण्या, टंकलेखन असे किरकोळ उद्योग करून पाहिले, त्यांत जीव रमला नाहीं. पहिल्या महायुद्धानें खिळखिळ्या झालेल्या युरोपांत जगण्याजोगें कांहीं उरलें आहे, असें त्यांच्या पिढींतील अनेकांना वाटेनासें झालें होतें. त्यांना समुद्राची वाट हवी होती. मिळाली ती वाळवंटाची.

१९३२ सालीं त्या सोव्हिएत तुर्कस्तानांत गेल्या. आरंभीं दोन रशियन जोडप्यांची सोबत होती. तिएनशान, म्हणजे 'स्वर्गीय पर्वत', घोड्यावरून व पायीं पालथा घालून त्या चीनच्या सरहद्दीला भिडल्या आणि सुमारें पांच हजार मीटर उंचीच्या एका शिखरावर चढल्या. पलीकडे चिनी तुर्कस्तानचा मुलूख पसरला होता. पण परवाना नव्हता, म्हणून त्यांना तेथूनच परतावें लागलें. ती तहान तीन वर्षें मनांत राहिली.

सोबती परत गेले आणि मायारबाई एकट्याच ताश्कंद, समरकंद, बुखारा या जुन्या शहरांतून हिंडल्या. त्या काळीं तेथें पाव शिधापत्रिकेवर मिळे. वाटसरूजवळ शिधापत्रिका कोठून असणार? मग कोणाच्या तरी घरच्या चुलीपाशीं बसावें, मिळेल तें खावें आणि जमिनीवर अंथरूण टाकावें, असा क्रम चालला. हिवाळा ऐन भरांत असतां त्या अमूदर्या नदीच्या कांठानें उतरल्या आणि तेथून किझिलकुम, म्हणजे 'तांबडी वाळू', या वाळवंटांतून उंटांच्या काफिल्याबरोबर कझालिन्स्कच्या रेल्वे स्टेशनापर्यंत आल्या. पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरत असे. या प्रवासाच्या पुस्तकाचें इंग्रजी नांव 'तुर्कस्तानांत एकटी' अशा अर्थाचें आहे. नांव खोटें नाहीं. परंतु ज्यांच्या तंबूंत शेकोटी मिळाली ते उंटवाले त्या नांवांत मावत नाहींत, हेंहि तितकेंच खरें.

याच सुमारास, १९३४ सालीं, पीटर फ्लेमिंग या तरुण इंग्रज लेखकाचें चीनच्या प्रवासावरील पुस्तक निघालें. त्याच्या नांवाचा भावार्थ 'एकटा पुरे' असा होता. एकटेपणाचा डंका वाजविणारीं हीं दोन माणसें १९३५ च्या आरंभीं पेकिंग येथें एकत्र आलीं. फ्लेमिंग 'टाइम्स'चे बातमीदार, मायारबाई पॅरिसच्या एका वृत्तपत्रासाठीं लिहीत होत्या. दोघांनाहि एकच गोष्ट हवी होती : पेकिंगहून खुष्कीच्या मार्गानें हिंदुस्थान गांठावयाचें. मध्यें सिंकियांग होतें. तेथें १९३१ पासून यादवी माजली होती, आंत काय चाललें आहे याची खात्रीलायक बातमी बाहेर येत नव्हती आणि परक्यांना परवाने मिळत नव्हते. एकाच वेड्या बेतावर दोघे वेगवेगळे निघण्यापेक्षां एकत्र निघणें बरें, एवढ्याच हिशेबानें ही सोबत जुळली. बोलणें असें ठरलें कीं वाटेंत जमलें नाहीं, तर कोणींहि केव्हांहि फुटून निघावें.

१६ फेब्रुवारी १९३५ रोजीं त्यांनीं पेकिंग सोडलें. सामानांत शिकारीची लहान बंदूक होती, औषधें होतीं, आणि मोजक्या तबकड्यांचा एक ग्रामोफोनहि होता! वाटाड्या म्हणून एक रशियन जोडपें बरोबर होतें. पूर्वी त्साइदामच्या पठारावर राहिलेलें असल्यामुळें त्यांना तिकडची भाषा येत होती आणि उंटवाल्यांशीं ओळख होती. सगळा बेत त्यांच्याच भरंवशावर रचलेला होता. रेल्वेनें व पुढें मालमोटारीनें ही मंडळी लांचौला पोहोंचली. तेथें अधिकाऱ्यांनीं कागद तपासले. रशियन जोडप्याजवळ चालण्याजोगे पासपोर्ट नव्हते. त्यांना परत फिरविण्यांत आलें. ज्यांना वाट ठाऊक होती ते मागें राहिले, आणि ज्यांना ती मुळींच ठाऊक नव्हती ते खेंचरांवर सामान लादून सीनिंगकडे निघाले.

ही गोष्ट प्रवासवर्णनें वाचणाऱ्यानें नजरेआड करूं नये. फ्लेमिंग व मायारबाई यांच्याजवळहि सिंकियांगचा परवाना नव्हताच. पण इंग्लंड व स्वित्झर्लंड या देशांचे शिक्के त्यांच्या पासपोर्टवर होते; त्यांच्या केसाला धक्का लागला, तर कोणीतरी चौकशी करील, हें वाटेवरील प्रत्येक अंमलदाराला कळत होतें. निर्वासित रशियनाची चौकशी करणारें जगांत कोणी नव्हतें.

पुढील वाट तंगारहून कोको नोर सरोवराच्या बाजूनें एका मंगोल सरदाराच्या काफिल्याबरोबर झाली. शेंकडों उंट, वारा, आणि दोन्ही वेळां लोणी घातलेला चहा व सातूचें पीठ. त्साइदामच्या खाऱ्या दलदलींत गवत नाहीं, गोडें पाणी नाहीं. कामाची वांटणी आपोआप झाली. फ्लेमिंग यांनीं बोलणीं करावीं, शिकार आणावी आणि सर्वांना घाई करावी. मायारबाईंनीं स्वयंपाक करावा, फाटलेलें शिवावें, आजाऱ्यांना औषध द्यावें, रशियन भाषा बोलणारा भेटला तर दुभाषी व्हावें. या वांटणींत अधिक काम कोणाच्या वांट्याला आलें, तें फ्लेमिंग यांनीं आपल्या पुस्तकांत प्रांजलपणें कबूल केलें आहे.

खरा वाद कामाचा नव्हता, वेगाचा होता. फ्लेमिंग यांना शक्य तितक्या लवकर इंग्लंडला परतावयाचें होतें. उलट, आपल्याला कधींतरी परत जावयाचें आहे, ही गोष्टच मायारबाईंना विसरावयाची होती. काफिला एक दिवस खोळंबला कीं एकाचा चेहरा पडे व दुसऱ्याचा उजळे.

त्साइदामच्या पश्चिम टोंकाला तैजिनार येथें एक निर्वासित रशियन एकटाच दिवस कंठीत होता. त्यानें या दोघांना निर्मनुष्य दऱ्यांतून सिंकियांगच्या दारापर्यंत नेऊन पोहोंचविलें. याच टप्प्यांत मायारबाईंचा घोडा थकला. बर्फावरील नागमोडी शर्यतीवरून त्यांनीं त्याचें नांव 'स्लॅलम' ठेवलें होतें. दाणा संपलेला, चारा नाहीं. अखेर त्याला तसाच उभा सोडून पुढें जावें लागलें. थोड्याच दिवसांनीं वाटाड्याहि परतला, कारण पुढच्या मुलखांत त्याच्यासारख्याला जागा नव्हती. पुन्हा तेंच घडलें : वाट दाखविणारा मागें राहिला आणि वाट विचारणारे पुढें गेले.

चेरचेन येथें अटक होणार, अशी दोघांचीहि अपेक्षा होती. झालें तें निराळें. काशगर येथील ब्रिटिश कॉन्सुलाचे स्थानिक प्रतिनिधि या ओसाड मुलखांतील हिरव्या गांवांत असत. त्यांना 'अकसकाल', म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, म्हणत. कित्येक ठिकाणीं हें काम हिंदी व्यापारी करीत. चेरचेनच्या अकसकालानें पाहुण्यांना आपल्या घरीं आश्रय दिला. तेथून खोतान, यार्कंद, काशगर अशी एकेक ओळखीची कडी लागत गेली. पामीरचें पठार व मिन्तका खिंड ओलांडून, हुंझा व गिलगिटवरून १२ सप्टेंबर १९३५ रोजीं ते श्रीनगरला पोहोंचले. सात महिने आणि सुमारें साडेतीन हजार मैल! फ्लेमिंग यांचें पुस्तक १९३६ सालीं निघालें, मायारबाईंचें त्यापुढील वर्षीं. फ्लेमिंग वाचकाला हंसवितात, स्वतःचीहि थट्टा करतात. त्यांचें पुस्तक हातचें सुटत नाहीं. परंतु चुलीवर काय शिजत होतें, उंटाच्या पाठीला कोठें जखम होती आणि तंबूंतील म्हातारीच्या मनांत काय होतें, हें समजून घ्यावयाचें असेल त्यानें मायारबाईंचेंच पुस्तक उघडावें.

१९३७ सालीं त्या पुन्हा हिंदुस्थानांत आल्या आणि अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्थान या मार्गानें मोटारगाड्यांतून परतल्या. त्यानंतरचा प्रवास मात्र सर्वांहून कठीण ठरला. त्यांत वाळवंट नव्हतें, कीं अन्नाची वाण नव्हती.

आनेमारी श्वार्झनबाख ही १९०८ सालीं जन्मलेली स्विस लेखिका बुद्धीनें तल्लख आणि घरची श्रीमंत होती. तिला मॉर्फिनचें व्यसन जडलें होतें. युरोपांत युद्धाचे ढग जमले होते. दूर कोठेंतरी अफगाणिस्तानांत, जेथें जुना काळ अजून शाबूत आहे अशा ठिकाणीं नेलें, तर ही मुलगी वांचेल, असें मायारबाईंना वाटलें. जून १९३९ मध्यें दोघी फोर्ड मोटारींतून जिनीव्हाहून निघाल्या. इस्तंबूल, त्राबझोन, तब्रीझ, तेहरान, मशहद, हेरात. पुढें अफगाणिस्तानच्या उत्तरेकडील खडबडीत रस्त्यानें बामियानवरून त्या काबूलला आल्या. दोघी स्त्रिया असल्यामुळें पुरुष प्रवाशांना बंद असलेले जनानखान्यांचे दरवाजे त्यांना उघडले जात, आणि तेथील बायका त्यांनाच उलट प्रश्न विचारीत : नवरा कोठें आहे, मुलें किती, घर सोडून कां आलांत? मायारबाईंजवळ या प्रश्नांना उत्तर असे, आनेमारीजवळ नसे.

रस्त्यावर व्यसनानें पुन्हां पुन्हां डोकें वर काढलें. वचनें दिलीं गेलीं आणि मोडलीं गेलीं. काबूलला असतांना सप्टेंबरमध्यें युरोपांत युद्ध पेटल्याची बातमी आली. ज्या गोष्टीपासून दूर पळावयाचें होतें तिनें असें गांठलें. दोघींच्या वाटा फुटल्या. आनेमारी जानेवारी १९४० मध्यें मुंबई बंदरांतून जहाजानें युरोपला परत गेली आणि १९४२ सालीं सायकलवरून पडल्याचें निमित्त होऊन वारली. वय अवघें चौतीस! मायारबाईंनीं ही हकीकत १९४७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. इंग्रजी नांवाचा अर्थ 'निर्दय वाट'. मैत्रिणीचें नांव त्यांनीं त्यांत बदलून 'क्रिस्तिना' केलें आहे. पुस्तकांत आत्मसमर्थन नाहीं. उंटावर बसून वाळवंट तरून जाण्याचें जें सामर्थ्य आपल्या अंगीं होतें, तें दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं, ही जाणीव त्याच्या पानापानांतून दिसते. फ्लेमिंग यांच्याबरोबरच्या करारांत केव्हांहि फुटून निघण्याची मुभा होती. येथें ती मुभाच बोंचूं लागली.

युद्धाचीं वर्षें मायारबाईंनीं दक्षिण हिंदुस्थानांत काढलीं. तिरुवन्नामलै येथें अरुणाचलाच्या पायथ्याशीं श्रीरमण महर्षींच्या सहवासांत त्या राहिल्या. बरोबर एक मांजरी होती. तिच्यावरहि त्यांनीं पुढें एक पुस्तक लिहिलें. नकाशावर त्यांचें बोट या काळांत फारसें हललें नाहीं, तरी आपला सर्वांत लांबचा प्रवास तोच, अशा थाटांत त्यांनीं त्या वर्षांविषयीं लिहिलें आहे.

पुढें काळ बदलला. १९६० नंतर अफगाणिस्तानांत परक्या सरकारांच्या पैशानें पक्के रस्ते झाले आणि पाश्चात्य तरुणांच्या झुंडी इस्तंबूलहून काठमांडूपर्यंत मोटारींनीं येऊं लागल्या. १९७९ च्या आरंभीं इराणांत राज्यक्रांति झाली, वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या, आणि तो ओघ आटला. वाट उघडणारे आणि मिटणारे हात वाटसरूचे नव्हते, हें १९३२ सालीं तिएनशानच्या शिखरावर जितकें खरें होतें तितकेंच तेव्हांहि होतें.

मायारबाईंनीं मात्र एक चमत्कारिक गोष्ट केली. १९५७ पासून पुढें तीस वर्षें त्या लहान लहान मंडळ्या बरोबर घेऊन आशियांतील देश दाखवूं लागल्या. जन्मभर एकटीनें हिंडलेली स्त्री लोकांचीं तिकिटें सांभाळते, हें कित्येकांना रुचलें नाहीं. पण लांचौला परत पाठविलेलें जोडपें, तैजिनारचा एकाकी रशियन आणि चेरचेनचा अकसकाल यांनीं जें काम तिच्यासाठीं केलें, तेंच ती आतां इतरांसाठीं करीत होती. यांत कमीपणा कोठें आला?

उरलेला वेळ त्या शांदोलें नांवाच्या डोंगरी खेड्यांत, सुमारें दोन हजार मीटर उंचीवर, स्वतः बांधविलेल्या लांकडी घरांत राहत. तेथेंच २७ मार्च १९९७ रोजीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. अरुणाचलाची आठवण म्हणून त्यांनीं त्या घराला नांव दिलें होतें, 'अचला'.