बिनहाडाची बळकट जीभ

आपल्या रत्नागिरीत माशाचा घास तोंडात गेला की जीभ त्यातला काटा नेमका हुडकते आणि ओठांवर आणून ठेवते. हातपाय हलतात ते हाडांच्या आधाराने. जिभेत तर हाडच नाही. मग तिला ही कसरत जमते कशी?

जीभ म्हणजे आठ प्रकारच्या स्नायूंची जुडी. त्यांतले चार जिभेच्या आतच असतात : दोन लांबीच्या दिशेने जाणारे, एक आडवा, एक उभा. पाण्याने भरलेली रबरी पिशवी एकीकडे दाबली की दुसरीकडे फुगते. तसेच आडवे आणि उभे स्नायू आकसले की जीभ निमुळती आणि लांब होते. म्हणजे हे चार स्नायू जिभेचा आकार बदलतात.

उरलेले चार बाहेर बांधलेले असतात. एक हनुवटीच्या हाडाला, एक गळ्यातल्या छोट्या हाडाला, एक कवटीच्या तळाला आणि एक टाळूला. ते जिभेची जागा बदलतात. 'त' म्हणताना जिभेचे टोक दातांना टेकते, 'ळ' म्हणताना ते मागे वळून टाळूकडे जाते. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' असे आपण सहज म्हणतो, पण तेवढ्यासाठीही किती स्नायूंना एकजुटीने राबावे लागते!

हनुवटीकडचा स्नायू जिभेला पुढे धरून ठेवतो. उताण्या पडलेल्या बेशुद्ध माणसात तो सैलावतो आणि जीभ मागे जाऊन श्वास अडवू शकते. म्हणून श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवतात.

आता एक कळकळीचे सांगणे. कोकणात अनेक आयाबहिणी सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तो जिभेच्या स्नायूंत शिरला की जीभ ताठरते, मग बोलणे आणि गिळणे दोन्ही अवघड होते. सुरुवातीची जखम बहुधा दुखतही नाही, त्यामुळे दुर्लक्ष होते.

तेव्हा महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहा. जीभ सरळ बाहेर काढा, डावीउजवीकडे फिरवा, कडा आणि खालची बाजू पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, किंवा जीभ एका बाजूला वळू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि मशेरीची डबी आजच बंद करा.